कादंबरी आणि ललितेतर जोडीने वाचायचंय, सुचवा

रातवाचक

मंडळी, इतक्यात बरंच वाचून झालं. आधी माझी मतं टाकते, म्हणजे आवडीचा अंदाज येईल, मग सुचवा.

'सातपाटील कुलवृत्तांत' (रंगनाथ पठारे): एकाच कुळाचा सातशे वर्षांचा पट. आवाका दांडगा, त्यात वाद नाही. पण मला वाटलं, गोष्ट आपल्या काळाकडे सरकते तशी माणसं मागे पडतात आणि निवेदकाची मतं पुढे येतात. मध्ये काही पानं चाळली, खोटं कशाला बोलू.

'उद्या' (नंदा खरे): सगळीकडे पाळत, मुलींची घटती संख्या, कारभार कंपन्यांच्या हाती. कथानक शोधत बसाल तर चिडचिड होईल. एकेक प्रसंग सुटा वाचला तर मात्र अंगावर येतो. २०२०चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांनी नाकारला, त्याचीच चर्चा जास्त झाली, पुस्तक राहिलं बाजूला.

'माझा प्रवास' (विष्णुभट गोडसे): हे सगळ्यांत आवडलं! वरसईचा कर्जबाजारी भिक्षुक. बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेला निघतो आणि १८५७च्या धामधुमीत सापडतो. झाशीला वेढा पडतो तेव्हा हा शहरात. डोळ्यांसमोर इतिहास घडतोय आणि गृहस्थाला घोर कसला, तर कनवटीला आहे ते शाबूत राहील का आणि उद्या पोटात काय पडेल. कमावतो, लुटला जातो, पुन्हा कमावतो. शेवटी आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन घर गाठतो. हे वाचल्यावर त्याच धाटणीची, पण रचलेली गोष्ट वाचावीशी वाटली, तिथून हा धागा सुचला.

तर एकाच विषयावरची एक कादंबरी आणि एक ललितेतर अशा जोड्या हव्या आहेत. आत्मविकास नको, 'यशस्वी कसे व्हाल' तर नकोच नको. आणि कृपा करून ठोकळे सुचवू नका, आत्ताच एकातून बाहेर पडलेय.

तळटीप

गोडसे भटजी आवडले ना? मग विचार कसला करताय, 'अंताजीची बखर' घ्या. तीही नंदा खऱ्यांचीच. बखरीच्या थाटात लिहिलेली, अठराव्या शतकातली. अंताजी काही वीरबीर नाही. बंगालच्या स्वारीत सामील झालेला साधा गडी, जीव वाचवत आणि हात मारत पुढे सरकणारा. भटजींनी जे भाबडेपणाने सांगितलंय ते हा डोळा मिचकावून सांगतो. तुमच्या हातून खरं पुस्तक आधी वाचून झालंय हे उत्तमच. आधी अस्सल कागद, मग त्याची नक्कल करणारा लेखक, या क्रमानेच नकलेची गंमत कळते.

एक विचारायचं होतं, 'माझा प्रवास' कोणती आवृत्ती वाचलीत? चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली छापली ती बरीच हात फिरवलेली आहे. पुढे दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून काढली ती वेगळी.

पान_दुमडू_नका

तळटीप, क्रमाबद्दल साफ असहमत. कादंबरी आधी वाचावी. आधी माहिती भरून घेतली की माणूस कादंबरीत चुका काढत बसतो.

माझी जोडी: विश्राम बेडेकरांची 'रणांगण' आणि मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांचं नाझी छळछावणीवरचं पुस्तक ('अर्थाच्या शोधात' या नावाने मराठीत आहे).

'रणांगण' एका बैठकीत संपते. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, त्यांतली हॅर्टा आणि आपला चक्रधर. पुस्तक १९३९चं आहे, हे वाचताना सतत ध्यानात ठेवा. पुढे काय वाढून ठेवलंय हे लिहिणाऱ्याला माहीत असणं शक्यच नव्हतं. आपल्याला माहीत आहे. त्यामुळे बोटीवरच्या साध्या गप्पाही वाचवत नाहीत. चक्रधरचा मला राग येतो, आजही. स्वतःवर इतका खूश आणि इतका पोकळ नायक मराठीत त्याआधी कुणी रंगवला असेल असं वाटत नाही.

मग फ्रँकल. ऑशविट्झमध्ये पाऊल ठेवल्यावर कोटाच्या अस्तरात लपवलेलं आपल्या ग्रंथाचं हस्तलिखित त्याला गमवावं लागतं, तो प्रसंग वाचा. उत्तरार्धात त्याच्या उपचारपद्धतीची मांडणी आहे, ती नाही वाचली तरी चालेल. दुकानदार हे पुस्तक आत्मविकासाच्या कप्प्यात ठेवतात, त्याकडे लक्ष देऊ नका. ते तसलं नाही.

ओसाडगावकर

विस्थापनावर 'झाडाझडती' सुचवणार होतो, पण विश्वास पाटलांचं ते पुस्तक तुमच्या ठोकळ्याच्या व्याख्येत बसतं. म्हणून कृष्णात खोतांची 'रिंगाण' घ्या. २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली, आकाराने लहान. धरणामुळे गाव उठलेलं, म्हैस मागे राहिलेली, आणि तिला आणायला माणूस परत जातो. एवढीच गोष्ट. पण जंगलात राहून ती म्हैस आता पहिली उरलेली नाही, आणि त्यालाही माणसाळलेलं कितपत म्हणावं हा प्रश्न पडत जातो. बोली अस्सल आहे, सुरुवातीला अडखळाल. तेवढं सोसा.

जोडीला मिलिंद बोकिलांचं 'गोष्ट मेंढा गावाची'. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा). तिथे ग्रामसभेत बहुमत चालत नाही, सगळ्यांची संमती लागते. २००६च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी एक. एकीकडे गाव सरकारी कागदावरून पुसलं जातं, दुसरीकडे त्याच कागदांवर गाव आपला हक्क लिहून घेतं. पुस्तक कोरडं नाही. बोकील मुळात कथाकार, ते लपत नाही.

कडूगोड

मला हा जोडीचा प्रकारच पटत नाही. कादंबरी वाचायची आणि मग खरंखोटं तपासायला दुसरं पुस्तक उघडायचं? कादंबरीकार काय साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा आहे? व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' वाचताना वानरांबद्दल माहिती मिळवायची असते का कुणाला?

तळटीप

कडूगोड, उदाहरण नेमकं उलटं दिलंत की! 'सत्तांतर'मध्ये टोळीचा नवा म्होरक्या आधीच्याची पिल्लं मारतो. धारवाडजवळच्या वानरांमध्ये हेच युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने १९६०च्या दशकात नोंदवलं होतं. हे कळल्यावर मी पुस्तक पुन्हा वाचलं आणि जास्त हादरलो. पहिल्यांदा वाटलं होतं, लेखक माणसांच्या राजकारणावर रूपक रचतोय. रूपक आहेच, पण खाली जमीनही पक्की आहे.

रातवाचक, ही पण जोडी घ्या: आधी माडगूळकरांचंच 'नागझिरा', मग 'सत्तांतर'. लेखक एकच, नजर एकच. 'नागझिरा'त तो जंगलात बसून नुसता बघतोय, 'सत्तांतर'मध्ये स्वतः नाहीसा झालाय. दोन्ही मिळून तुमच्या एका कुलवृत्तांताच्या निम्मी पानंसुद्धा होणार नाहीत.

कडूगोड

बरं, सुगियामांचं माहीत नव्हतं. तरी माझं म्हणणं तेच. दुसऱ्यांदा वाचलंत म्हणून हादरलात, तपासलंत म्हणून नव्हे.

रातवाचक

भांडा हो, मला आयतं मिळतंय.

तळटीप, वैद्यांचीच आवृत्ती वाचली होती. पोतदारांची मिळवून काही प्रकरणं ताडून बघते, विशेषतः झाशीची. तिथे हात फिरवला असेल तर काय फिरवला हे बघायचंच आहे.

यादीचा क्रम असा लावलाय: 'रणांगण', फ्रँकल, मग 'नागझिरा'-'सत्तांतर', मग अंताजी. 'रिंगाण' शेवटी, कारण बोलीला निवांत वेळ द्यावा लागेल. 'झाडाझडती'ही लिहून ठेवलंय, ठोकळ्यांची भीती गेली की बघू.

ओसाडगावकर, कुणी 'रिंगाण' मोठ्याने वाचून बघितलीय का? तशी बोली कानाने लवकर उलगडते असा माझा अंदाज.

ओसाडगावकर

मी आईला वाचून दाखवली. मला अडलेले शब्द तिने सांगितले, आणि म्हशीच्या वागण्याबद्दल लेखकाशी दोन ठिकाणी वादही घातला.