तपकिरीची जुनी चांदीची डबी उजळून घ्यावी का?

प्रश्न (निपाणी):
आमचे आजोबा तंबाखूचे व्यापारी होते. त्यांच्या पेटीत तळहातावर मावेल एवढी चांदीची तपकिरीची डबी सापडली. झाकणावर लाटांसारखी एकसारखी नक्षी आहे, आतून ती सोन्यासारखी पिवळी दिसते, आणि झाकणाच्या आत सिंह, जहाजाचा नांगर व एक अक्षर असे छाप आहेत. मिटल्यावर बिजागरी दिसतही नाही, पण उघडताना आता ती अडते. घरचे म्हणतात, शहापुरातल्या सराफाकडून उजळून घ्या. तसे करावे का?

उत्तर (बेळगाव):
कृपया उजळायला देऊ नका. नांगर ही बर्मिंगहॅमच्या १७७३ साली स्थापन झालेल्या तपासणी कार्यालयाची खूण आहे, सिंह म्हणजे हजारात किमान ९२५ भाग चांदी, आणि अक्षरावरून वर्ष ठरते. आतले पिवळेपण हा सोन्याचा मुलामा होय. तपकीर ओलसर व खारट असल्याने ती चांदीला खाते, सोन्याला मात्र काही करीत नाही. पूर्वी पाऱ्यात कालवलेले सोने लेपून, मग तापवून पारा उडवीत. त्या वाफेने कित्येक कारागिरांचे आयुष्य पोखरले. हा थर इतका पातळ असतो की पॉलिशच्या चाकावर तो निघून जातो. झाकणावरची नक्षी यंत्रावर उथळ कोरलेली असते. तिची धार एकदा बोथट झाली की पुन्हा येत नाही.

उत्तर (खानापूर):
बिजागरीबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. डबीच्या आणि झाकणाच्या कडेला चांदीच्या नळीचे बारीक तुकडे आळीपाळीने डाखलेले असतात आणि त्या सगळ्यांतून एकच तार जाते. नळ्या एकमेकींना इतक्या नेमक्या घासून बसवलेल्या असतात की मधल्या फटीत नखसुद्धा शिरत नाही. माझ्या मते डबीतले सर्वांत अवघड काम हेच. आमच्याकडच्या डबीला एका कारागिराने शिशाचा डाख दिला, तो नळ्यांत शिरला आणि झाकण कायमचे जाम झाले. पुढे ते सोडवायला उष्णता दिली, तेव्हा शिसे चांदीत उतरून तिथे खड्डे पडले. आपल्या डबीत बहुधा जुनी तपकीरच साचली असावी. झाकण अर्धे उघडे धरून रंगकामाच्या मऊ, कोरड्या ब्रशाने नळ्यांच्या फटी झाडाव्यात. चिंच, राखुंडी किंवा पाणी लावू नये.

प्रश्नकर्ता (निपाणी):
आज सांगितल्याप्रमाणे केले. पांढऱ्या कागदावर चिमूटभर तांबूस भुकटी पडली आणि तिला अजून तपकिरीचा वास आहे. झाकण आता एका बोटाने उघडते. ती भुकटी आईने पुडीत बांधून ठेवली आहे.