आवडत्या गाण्याच्या कॉर्ड्स : आधी कान की आधी तक्ता?

सहावी_तार
एखादं फोक-रॉक गाणं मनात बसलं की आपण गिटार हातात घेण्याआधीच त्याचा तयार कॉर्ड-तक्ता (कुठे कोणती कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, येते त्याची यादी) शोधतो. माझं स्पष्ट मत आहे की तक्ता शेवटी बघावा, तोही पडताळणीपुरता. कानाने काढायला या प्रकाराइतका सोयीचा प्रकार नाही. अकूस्टिक गिटार मोकळी ऐकू येते आणि बहुतेक गाणी चार-पाच कॉर्ड्समध्ये भागतात.

आधी फक्त बेस, म्हणजे सर्वांत खालचा स्वर, ऐका. कॉर्ड बदलते त्या क्षणी खाली कोणता स्वर पडतो, तो गुणगुणा आणि जाड तारांवर शोधा. मग बहुतेक वेळा एकच प्रश्न उरतो, मेजर की मायनर. म्हणजे शुद्ध गंधार की कोमल. दोन्ही गाण्याबरोबर वाजवून बघा, चुकीची लगेच कानाला टोचते. गाणं जी मेजरमध्ये असेल तर जी, सी, डी, ई मायनर आणि ए मायनर आधी तपासा. डी मेजरच्या गाण्यात मध्येच सी मेजर आली तर दचकू नका. तो कोमल निषाद आहे, या संगीतात तो सतत भेटतो.

बोटं_दुखतात
पूर्ण असहमत. कानाला स्वर कळतो, पण बोटं कुठे ठेवायची ते कळत नाही. बीटल्सचं ‘हिअर कम्स द सन’ घ्या. कान सांगेल ए मेजर. तुम्ही खाली नेहमीची ए धराल, स्वर जुळेल, पण तो झंकार काही येणार नाही. कारण बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने सातव्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या सातव्या घरात) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावून डीचे आकार वाजवलेत. ट्यूनिंगचं, म्हणजे तारा कोणत्या स्वरांना लावल्यात त्याचं, तर बोलायलाच नको. गिटारवादक डेव्ही ग्रॅहॅमचं डी-ए-डी-जी-ए-डी किंवा गायिका जोनी मिचेलची तऱ्हेतऱ्हेची ट्यूनिंग्ज नवशिक्याने ऐकून ओळखायची? तो महिन्याभरात गिटार कपाटावर ठेवेल.

सहावी_तार
उदाहरण चांगलं दिलंत, पण ते माझ्याच बाजूचं आहे. डीच्या आकारात सर्वांत बारीक तार दुसऱ्या फ्रेटवर असते. करंगळी तिसऱ्यावर टेकवली की सस-फोर (गंधाराऐवजी मध्यम), बोट उचललं की सस-टू (गंधाराऐवजी रिषभ). ही उघडझाप डीच्या आकारात इतकी सहज येते की ती ऐकू आली की आधी डीचाच संशय घ्यावा. आता डीचा आकार आणि ऐकू येतेय ए, म्हणजे सात अर्धस्वर वर. एक फ्रेट म्हणजे एक अर्धस्वर, म्हणून कॅपो सातव्यावर. कानानेच कॅपो सापडला. निराळ्या ट्यूनिंगचा मुद्दा मान्य, तिथे तक्ता खुशाल बघा.

मधली_पट्टी
मी नवशिक्यांना शिकवते. माझी तक्रार वेगळीच आहे. बरेच तक्ते सी, जी, ए मायनर एवढंच लिहून मोकळे होतात. गाण्यात मात्र बेस सी, बी, ए असा पायरी-पायरीने उतरत असतो, आणि मधल्या जीखाली पाचव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरचा बी हवा असतो. गाण्यातली सगळी हुरहूर त्या उतरणीत आहे! तक्त्यावर विसंबलेल्या विद्यार्थ्याला ती जाणवतच नाही. आणखी एक, जुनी काही ध्वनिमुद्रणं टेपच्या वेगामुळे पट्टीच्या थोडी वर किंवा खाली असतात. अशा वेळी ट्यूनर बाजूला ठेवून गिटार गाण्याला जुळवा, नाहीतर बरोबर कॉर्डही चुकीची वाटेल.

बोटं_दुखतात
उतरत्या बेसचं पटलं. तरी दिवसभराच्या कामानंतर ज्याला अर्धा तास मिळतो आणि ज्याला ते गाणं आजच गायचंय, त्याला बेस शोधत का बसवायचं? गाता गाता वाजवणं हेही शिक्षणच आहे, आणि आनंद त्यात जास्त आहे.

सहावी_तार
मग त्याला कॉर्ड्सची नावं द्या, पण कोणत्या शब्दावर बदलायचं ते लिहू नका. ती जागा त्याने ऐकून ठरवावी.

बोटं_दुखतात
कडव्यापुरतं चालेल. ब्रिजमध्ये, म्हणजे वेगळ्या चालीच्या मधल्या भागात, मेजरची मायनर होते तिथे मात्र मी खुणा करूनच देणार.