पॅकेजच्या आधी सीटीआरआय नंबर विचारा

भाऊ, काकांच्या एएलएससाठी (नसा निकामी होत जाऊन स्नायू लुळे पडत जाण्याचा आजार) नागपूरच्या धंतोलीत स्टेम सेलचं पॅकेज सांगितलंय, "दोन पेशंट सुधारले" म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. 2008 मध्ये इटलीतल्या एका छोट्या अभ्यासात लिथियम या औषधाने एएलएस मंदावतो असं दिसलं होतं. किती जणांनी आशेने गोळ्या सुरू केल्या! पुढच्या मोठ्या चाचण्यांत फायदा दिसलाच नाही. हा आजार कधीकधी काही महिने आपोआपही थबकतो, मग दोन पेशंटवरून काय कळणार? आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एएलएसला स्टेम सेल फक्त मान्यता घेतलेल्या चाचणीतच, तेही पेशंटकडून पैसे न घेता. इथे तर आधी अ‍ॅडव्हान्स! सीटीआरआय (भारतातल्या औषध-चाचण्यांची सरकारी नोंदवही) नंबर मागा, त्यांच्या साइटवर स्वतः टाकून पहा. (नंबर म्हणजे नोंदणी, गुण येण्याची हमी नाही.) आणि रिलुझोल (एएलएसचं नेहमीचं औषध) बंद करा म्हणाले तर सरळ उठून या, चहाला पण थांबू नका.