लाँग कोविडमध्ये सूर्यनमस्कार, कपालभाती करावी का?

वैशाली_नाशिक: कोविड होऊन गेला, रिपोर्ट सगळे नॉर्मल आले, पण अंगातलं त्राण काही परत आलं नाही. भाकऱ्या थापायला उभी राहिले की दुसरी-तिसरी होईतो छाती धडधडायला लागते, पीठ तसंच टाकून स्टुलावर बसते. फळ्यावर लिहिता लिहिता साधा शब्द आठवत नाही, पोरंच सांगतात. जाऊबाईंचा एकच धोशा: "रोज बारा सूर्यनमस्कार घाल, कपालभाती कर, टुणटुणीत होशील." गेल्या आठवड्यात त्यांचं मन राखायला केलं. त्या दिवशी झकास वाटलं, दोन दिवसांनी अंथरुणातून उठवेना. असं का व्हावं? तुम्ही काय करता?

फिजिओ_मंदार: ताई, लाँग कोविडच्या बऱ्याच पेशंटांचं असंच होतं. श्रम आज होतात, माणूस कोलमडतो एक-दोन दिवसांनी. म्हणूनच याच्याशी मिळत्याजुळत्या एमई/सीएफएस (सतत प्रचंड थकवा आणणारा) या आजारासाठी ब्रिटनच्या 'नाइस' या उपचारांचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०२१च्या मार्गदर्शिकेत व्यायाम ठरवून वाढवत नेण्याचा उपचार काढूनच टाकला. सूर्यनमस्कार तूर्त बंद. कपालभातीत श्वास झटक्याने टाकायचा असतो, तीही नको. आडवं पडून योगनिद्रा चालेल, हलकी भ्रामरी चालेल. चक्कर आली की थांबायचं.

त्याआधी डॉक्टरांकडून नाडी मोजून घ्या: आडवं असताना आणि मग उभं राहून दहा मिनिटं. ठोके ३० किंवा जास्त वाढले आणि बीपी पडलं नाही, तर 'पॉट्स' (उभं राहिल्यावर नाडी अति वाढण्याचा आजार) आहे का ते बघावं लागतं. त्याला उपचार आहेत, नुसत्या प्राणायामावर भागवू नका.

लेस्टरकर: इकडे इंग्लिश नॅशनल ऑपेरा आणि लंडनच्या इंपीरियल कॉलेज हेल्थकेअर या रुग्णालय-संस्थेने मिळून लाँग कोविडवाल्यांसाठी 'ईएनओ ब्रीद' काढलं. सहा आठवडे, ऑनलाइन. गाणारी मंडळी श्वास कसा घ्यायचा ते शिकवतात आणि चक्क अंगाई म्हणायला लावतात! मी कॅमेरा बंद करून म्हणायचो, बायको दाराआड हसायची. १५० जणांवर चाचणी झाली, २०२२मध्ये 'लॅन्सेट रेस्पिरेटरी मेडिसिन'मध्ये छापून आली. मानसिक स्वास्थ्य सुधारलं, धावतानाची धाप कमी जाणवली, शारीरिक प्रकृतीच्या गुणांत मात्र फरक नाही. माझंही तेच. जिना चढताना दम अजून लागतो, पण पूर्वीसारखी घाबरगुंडी उडत नाही.

राजाभाऊ_६२: म्हणजे आजार मनाचाच की!

लेस्टरकर: राजाभाऊ, कुबडीने चालणं सोपं झालं म्हणून पाय मोडलाच नव्हता म्हणाल का?

वैशाली_नाशिक: नाडी सोमवारी मोजून घेते. भाकऱ्या सध्या नवरा थापतोय, नकाशे निघतात, पण पोटात जातात. मंदारदादांचं उत्तर जाऊबाईंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "मग ती योगनिद्रा तरी माझ्यासमोर कर." अडचण एकच, मी त्यात सरळ घोरायलाच लागते. चालेल का?

फिजिओ_मंदार: धावेल. दुपारी असेल तर अर्ध्या तासाचा गजर लावा, नाहीतर रात्रीच्या झोपेचं खोबरं होईल.