मदत हवी आहे : खोडवा मोडून इथेनॉलसाठी मका लावावा का?

मार्कंडेयकाठ

नमस्कार मंडळी,

मी बेळगावात राहते. माहेरची शेती कडोलीच्या बाजूला आहे, शेत भाऊ बघतो आणि हिशोबाची वही माझ्याकडे. लावणीचा तीन एकर ऊस नुकताच तुटून गेला. दरवर्षी आम्ही खोडवा, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक, राखतो. यंदा भावाच्या डोक्यात वेगळंच शिरलंय, खोडवा मोडून उन्हाळी मका टाकायचा म्हणतो. कारण गावात एक एजंट येऊन गेला. "इथेनॉलवाल्यांना मका कितीही कमीच पडतो, पेट्रोलात मिसळायचं सरकारनंच ठरवलंय, आता दर पडायचा प्रश्नच नाही," असं चावडीवर बसून सांगून गेला. कागदावर अक्षर दिलं नाही. बियाणं मात्र त्याच्याकडूनच घ्यायचं आणि तेही रोखीनं.

दुसरीकडे आमच्या घरात नवऱ्याची २०१४ ची स्कूटर सकाळी किक मारून मारून दमवते. मिस्त्री म्हणतो, इथेनॉलच्या पेट्रोलचा प्रताप. म्हणजे नवरा ज्याला शिव्या घालतोय, त्याच्यासाठी भाऊ ऊस मोडायला निघालाय.

बातम्यांत वाचते की परकीय चलन वाचतं, प्रदूषण कमी होतं, शेतकऱ्याला पैसा मिळतो. खरंच मिळतो का? मक्याच्या इथेनॉलचा गाडीला आणि शेताला नक्की फायदा काय, आणि तो कुणाच्या पदरात पडतो? या धंद्यातलं कुणी असेल तर सांगा. राजकारण नको, सीमाप्रश्नही नको, त्याला इथे दुसरे धागे आहेत.

भट्टीवाला

ताई, मी चिकोडी भागात एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत प्रयोगशाळेत होतो, आता घरी असतो. सुरुवात मळीवर, म्हणजे साखर काढून उरणाऱ्या काळ्या पाकावर केली, शेवटी शेवटी धान्यावर आलो. थोडं लांबण लागेल, चालवून घ्या.

मळीत साखर तयारच असते, यीस्ट सोडलं की आंबायला सुरुवात. मक्यात साखर नसते, स्टार्च असतो. म्हणून आधी मका दळायचा, पाण्यात कालवून तापवायचा, एका एन्झाइमने ती पेज पातळ करायची, दुसऱ्याने तिचं ग्लुकोज करायचं आणि मग यीस्ट. आंबलेलं ऊर्ध्वपातनाला घेतलं की साधारण ९५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल मिळतं. त्यापुढे कितीही उकळा, पाणी सुटत नाही. ते मॉलेक्युलर सीव्हमधून, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या बारीक चाळणीतून काढून ९९ टक्क्यांच्या वर न्यायचं, तेव्हा ते पेट्रोलात चालतं.

आता पैशाचं. एक टन मक्यातून साधारण ३८० लिटर इथेनॉल निघतं, म्हणजे क्विंटलला ३८ लिटर. तेल कंपन्या मक्याच्या इथेनॉलला लिटरमागे ७१ रुपये ८६ पैसे देतात. गुणाकार करा, क्विंटलमागे सुमारे २७३० रुपये. वर तीसेक किलो डीडीजीएस, म्हणजे वाळवलेला चोथा, तो पशुखाद्याला जातो. कारखान्याचा गल्ला एवढाच. त्यातून मका घ्यायचा, कोळसा, एन्झाइम, वीज, मजुरी आणि बँकेचं व्याज. मक्याचा हमीभाव २०२५-२६ ला २४०० रुपये आहे. हमीभावाने मका घेतला तरी मालकाचं कसंबसं भागतं, मग २७००-२८०० ला तो मका कशाला घेईल? इथेनॉलचा दर वरून ठरतो, त्यामुळे मक्याचा भाव कुठवर चढू शकतो हेही तिथेच ठरून जातं. भाव खाली मात्र कितीही येऊ शकतो. एजंटाने तुम्हाला यातलं काही सांगितलं नसणार.

"कितीही कमीच पडतो" हे २०२४ साली खरं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली, पुढच्याच महिन्यात मक्याच्या इथेनॉलचा दर वाढवला आणि सगळे धान्याच्या भट्ट्यांच्या मागे लागले. मक्याचा भाव चढला, कोंबडीवाले ओरडायला लागले, ब्रह्मदेश आणि युक्रेनहून मका आयात झाला. आता २० टक्के मिश्रणाचं लक्ष्य गाठून झालंय. २०२५-२६ च्या पुरवठा वर्षासाठी तेल कंपन्यांनी मागितलं सुमारे १०५० कोटी लिटर आणि कारखान्यांनी देऊ केलं १७७६ कोटी. मका आजही सगळ्यात मोठा कच्चा माल आहे, खरं रांग कारखान्यांची लागलीय, मका शोधणाऱ्यांची नाही.

फायदा अजिबात नाही असंही नाही. उसाचं एक लिटर इथेनॉल करायला शेतापासून धरून सुमारे २८६० लिटर पाणी लागतं, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात आहे. मका शंभर-एकशेदहा दिवसांत निघतो, ऊस वर्षभर पाणी पितो. हरितगृह वायूंचं म्हणाल तर पेट्रोलच्या तुलनेत मक्याच्या इथेनॉलला ५० टक्के आणि उसाच्या इथेनॉलला ६५ टक्के कमी, असा सरकारी हिशोब आहे. अमेरिकेत यावर अभ्यासकांचे दोन तट आहेत. गवताळ जमीन नांगरली आणि नत्र खत ओतलं तर उरतं काय, असं एक तट विचारतो. मला तो प्रश्न रास्त वाटतो. युरिया हवेतून येत नाही.

निपाणी गॅरेज

भट्टीवाले काकांनी शेताचं सांगितलं, मी स्कूटरचं सांगतो.

ताई, २०१४ ची म्हणजे कार्बोरेटरची गाडी. बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुराचा नवा नियम, एप्रिल २०२० ला आलं, तोपर्यंत बहुतेक दुचाक्या तशाच होत्या. नव्या इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर असतो, मिश्रण बदललं की तो पेट्रोल कमीजास्त करून घेतो. कार्बोरेटरला ते कळत नाही. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकावर, मिश्रण फिकं पडतं आणि थंडीत सकाळी गाडी उठत नाही. बेळगावच्या थंडीत तर नाहीच.

खरं सगळा दोष इथेनॉलवर टाकून मिस्त्रीनं हात झटकले असतील तर तेही बरोबर नाही. इथेनॉल धुऊन काढणारं आहे. टाकीत वर्षानुवर्षं बसलेला राड सुटतो आणि फिल्टरमध्ये, जेटमध्ये जाऊन अडकतो. आधी तेवढं साफ करून बघा. मग रबरी पाईप, ओ-रिंग, कार्बोरेटरचं गॅस्केट बघा. जुनं रबर फुगून मऊ होतं, बोटानं दाबलं की कळतं. इथेनॉलला चालणारा पाईप मिळतो, तो घाला. पैसे फार नाहीत.

पावसात आणखी एक. इथेनॉल पाणी ओढतं. टाकीत पाणी जास्त झालं तर इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं, आणि गाडी पेट्रोल ओढते तळातूनच. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडची गिऱ्हाईकं पावसाळ्यात हेच घेऊन येतात. तिकडे गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी अर्धी रिकामी ठेवू नका, झाकणाचं रबर बघा.

मायलेज कमी होणारच. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ताकद. नीती आयोगानंच लिहिलंय, जुन्या दुचाकीला ३-४ टक्के, जुन्या चारचाकीला ६-७ टक्के. गिऱ्हाईक येऊन सांगतं निम्मं झालं. निम्मं झालं असेल तर ब्रेक धरत असेल, बघून घ्या.

मार्कंडेयकाठ

काका, क्विंटलचा हिशोब वहीत उतरवून घेतला. भावाला दाखवला तर थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "भाव पडला तर पडला, पाणी तरी वाचेल." त्याचंही चूक नाही. आमच्या विहिरीचा उपसा मार्च संपता संपता निम्म्यावर येतो, नदीच्या पाळीवर भरवसा नाही. तीन एकर खोडव्याला मेमध्ये पाणी पुरत नाही, एक एकर दरवर्षी करपतोच.

निपाणीचे दादा, एक शंका. इथेनॉलने इंजिन चांगलं चालतं असं सरकार म्हणतं, ते काय मग?

निपाणी गॅरेज

ते खोटं नाही, खरं तुमच्या स्कूटरसाठी नाही. इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या आसपास, म्हणून ई-२० चा, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा, ९५ पर्यंत जातो, साध्या पेट्रोलचा ९१. इंजिनात ठोका येत नाही. ज्या नव्या इंजिनाचं कॉम्प्रेशन जास्त ठेवलंय, त्याला याचा उपयोग. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे रबर-धातू ई-२० ला चालणारे आहेत. जुन्या इंजिनाला जादा ऑक्टेन दिला तर ते घेऊन करणार काय? धूर मात्र सगळ्यांचाच सुधारतो. कार्बन मोनॉक्साइड दुचाकीत निम्म्यापर्यंत कमी होतो असं त्याच अहवालात आहे.

मला खटकतं ते वेगळंच. ताकद कमी तर दर कमी पाहिजे होता. ब्राझीलमध्ये पंपावर इथेनॉल वेगळं मिळतं, लोक दोन्हींचे दर बघून टाकी भरतात. इथं एकच नळी आणि एकच दर.

भट्टीवाला

दर कमी कसा होणार, गॅरेजवाले? २०२४-२५ मध्ये इथेनॉलची सरासरी खरेदी लिटरला ७१ रुपयांवर गेली, म्हणजे कर लागण्याआधीच्या पेट्रोलपेक्षा महाग. परकीय चलन वाचतं ते देशाचं, ताईंच्या नवऱ्याचं नाही.

घटप्रभाकाठ

मी गोकाक तालुक्यातला. मक्याचं दुःख आम्हाला विचारा. २०२५ ला खरिपाचा मका निघाला तेव्हा हमीभाव २४०० आणि बाजारात दोन हजारांच्या खाली. त्याच नोव्हेंबरात गुर्लापूर क्रॉसला उसाच्या दरासाठी रस्ता अडवून लोक बसले होते, शेवटी टनाला ३३०० ठरला. उसाला निदान रस्ता अडवायला कारखाना समोर दिसतो. मक्याला कुणाच्या दारात बसायचं? अडत्याच्या?

ताई, साधा हिशोब करा. खोडवा एकरी तीस टन धरला तरी ९९ हजार येतात आणि बियाण्याचा खर्च नाही. मका एकरी पंचवीस क्विंटल आणि १९०० भाव धरला तर साडेसत्तेचाळीस हजार. त्यातून बियाणं, खत आणि लष्करी अळीची फवारणी. ही अळी देशात पहिल्यांदा सापडली तीच आपल्या कर्नाटकात, शिमोग्याकडे, २०१८ ला. पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळीत शिरली की आठवड्यात चाळण करते, पहाटे पोंगा उघडून बघावं लागतं. मका चार महिन्यांत रान मोकळं करून देतो हे खरं, मग खरिपात सोयाबीन घेता येतं. खरं सोयाबीनचंही ऐका, मक्याच्या भट्टीतला तो स्वस्त चोथा पशुखाद्यात शिरलाय आणि सोयापेंडीला उठाव नाही. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं.

पाणी असेल तितका खोडवा राखा. करपणाऱ्या एकरात मका टाका. तीनही एकर मोडू नका.

आणि विकताना ओलावा. १४ टक्क्यांच्या वर गेला की काट्यावर कट्टी, म्हणजे वजनात कपात सुरू होते. व्यापाऱ्याचं ओलावा मापायचं यंत्र दर वेळी जास्तच दाखवतं, कमी दाखवलेलं मी बघितलेलं नाही. आधी घरी वाळवा, दाताखाली दाणा कडकन फुटला पाहिजे, मग पोती भरा.

गोठा_अथणी

वाळवायचं कारण नुसती कट्टी नाही. ओला मका ढिगात राहिला की बुरशी धरते, त्यातून अफ्लाटॉक्सिन येतं. भट्टीत स्टार्च निघून जातो आणि ते विष चोथ्यात उरतं, मूळ मक्याच्या साधारण तिप्पट तीव्र होऊन. असला डीडीजीएस म्हशीला घातला की विष दुधात उतरतं. चांगला असेल तर प्रथिनं भरपूर, पेंडीपेक्षा स्वस्त पडतो. मी वास घेऊन आणि रंग बघून घेतो. सोनेरी पिवळा असेल तर घेतो, काळपट जळका आला तर गाडी परत.

मार्कंडेयकाठ

सगळ्यांचे आभार. भावाशी बोलले. दोन एकर खोडवा राखायचा आणि विहिरीपासून लांबच्या एकरात मका, हे त्याने कबूल केलं. बियाणं एजंटाकडून नाही, पावती देणाऱ्या दुकानातून घेणार. आता तो विचारतोय, इथेनॉल राहू दे, हिरवा मका मुरघासाला, म्हणजे खड्ड्यात दाबून मुरवायच्या चाऱ्याला, उभा विकला तर? वाळवणं नको, कट्टी नको. कुणी घेतं का आपल्याकडे?

गोठा_अथणी

घेतात की. दूधवाले एप्रिल-मेमध्ये शोधत फिरतात. दर टनावर ठरतो, तोडणी आणि कुट्टी कुणाची हे आधी बोलून घ्या, भांडण तिथेच होतं. पेरताना ताटं थोडी दाट ठेवा. कापायची वेळ चुकवू नका. कणीस सोलून मधोमध मोडायचं आणि दाणे बघायचे. वरचा निम्मा दाणा पिवळा घट्ट आणि खालचा निम्मा अजून दुधाळ असेल तेव्हा कापणी. त्याआधी कापला तर खड्ड्यात पाणी सुटतं, उशीर झाला तर ताट कडक होऊन दाबलं जात नाही आणि आत हवा राहून कुजतं. मला व्यक्तिगत निरोपात गावाचं नाव आणि पेरणीची तारीख कळवा, कडोलीच्या जवळपास दोघे घेणारे माझ्या ओळखीचे आहेत.