मदत हवी आहे: चेहऱ्याची आग आणि लाली, स्टिरॉइडचं मलम सोडल्यावर किती दिवस राहते?

नमस्कार मंडळी,

मी गोव्यात डिचोली तालुक्यात राहते, मराठी प्राथमिक शाळेत शिकवते, वय ४६. गेले सात-आठ महिने माझा चेहरा तापतो. अंगात ताप नसतो, थर्मामीटर नेहमीचाच आकडा दाखवतो, पण गालांची धग दुसऱ्याच्याही हाताला कळते. एकदा मुलीने सहज गालाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. तोवर तिला वाटत होतं की आई उगाच तक्रार करते.

आधी प्रश्न विचारते, मग सविस्तर सांगते. चेहऱ्यावर बराच काळ स्टिरॉइडचं मलम लावून नंतर ज्यांनी ते सोडलं, त्यांची आग किती आठवड्यांनी ओसरली? आणि ज्यांना रोज गॅसपुढे उभं राहावंच लागतं त्यांनी स्वयंपाक कसा निभावला? मला उपचार नकोत, ते डॉक्टरांकडे चालू आहेत. यातून गेलेल्या माणसांचा अनुभव हवा आहे.

सुरुवात वांगापासून झाली. बेचाळिशीनंतर दोन्ही गालांवर वांगाचे डाग आले. नात्यातल्या एकीने एका मलमाचं नाव सांगितलं, औषधाच्या दुकानात मागितलं, मिळालं. चिठ्ठी कोणी विचारली नाही. वीसेक दिवसांत डाग फिके झाले, चेहरा उजळ दिसायला लागला, शाळेत दोघी-तिघींनी विचारलंसुद्धा. मग मी लावतच राहिले, जवळजवळ तीन वर्षं. महिन्याला एक ट्यूब धरली तरी छत्तीस होतात. हा हिशोब मी परवा पहिल्यांदा केला आणि बराच वेळ नुसती बसून राहिले.

खोक्यावर बारीक अक्षरांत तीन नावं होती: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटॅसोन. यातलं तिसरं स्टिरॉइड. अशी तिहेरी मलमं वांगासाठी डॉक्टर देतात, पण थोड्या आठवड्यांपुरती आणि देखरेखीखाली. स्टिरॉइडची बरीच मलमं सरकारने २०१८ मध्ये शेड्यूल एच मध्ये घातली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची. तरी ती कशी मिळतात हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. मी शिकलेली बाई, मुलांना रोज वाचायला शिकवते, आणि हातातल्या खोक्यावरचं मी वाचलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

दोन दिवस मलम लावायचं राहिलं की चेहरा लाल व्हायचा, चुरचुरायचा. मला वाटायचं, त्वचेला याची गरज आहे. खरं म्हणजे तीच पहिली खूण होती.

घरात प्रत्येकाने आपापलं निदान केलं. सासूबाई रोज विचारायच्या, "गो, तोंड कित्याक तांबडें जालां तुजें?" त्यांच्या मते अंगात उष्णता वाढली होती, म्हणून सब्जा, कोकम सरबत, चंदन उगाळून लेप. सरबताने बरं वाटायचं, पण चंदनाच्या लेपाने अशी आग झाली की मी मोरीत जाऊन पाण्याचे हबके मारत राहिले. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, पाळी जायच्या दिवसांत होतंच असं. त्या पूर्ण चुकीच्या नव्हत्या, ते पुढे सांगते.

सगळ्यात जास्त लागलं ते वर्गात. दुसरीतल्या एका मुलाने विचारलं, "बाई, तुम्ही रागावलात?" मी तर गोष्ट सांगत होते. वर्ग एकदम गप्प झाला. माझ्या चेहऱ्याकडे बघून लहान मुलं भितात हे कळल्यावर मी दुसऱ्याच दिवशी म्हापशाच्या त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घेतली.

त्यांनी पंधरा दिवस वही ठेवायला सांगितली. चेहरा कधी तापला, त्याआधी काय करत होते, काय खाल्लं, किती वेळ राहिलं. ही वही फार कामाची ठरली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी ज्याला एकच त्रास समजत होते ते दोन निघाले.

पहिली गरमी छातीतून उठते. गळा, मान करत वर चढते, केसांच्या मुळांशी घाम फुटतो, आणि तीन-चार मिनिटांत उतरते. उतरल्यावर किंचित थंडी वाजते. रात्री दोनच्या सुमाराला तर ठरलेली. खाण्याशी, उन्हाशी तिचा काही संबंध नाही. ही पाळी जायच्या दिवसांतली. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवलं, त्याचं वेगळं चाललं आहे.

दुसरी फक्त चेहऱ्यावर येते: दोन्ही गाल, नाक, हनुवटी. घाम नाही, उलट कातडी कोरडी पडते, ताणल्यासारखी होते. मिरच्या कापलेला हात चुकून तोंडाला लागला तर जशी चुरचुर होते, तशी. गॅसपुढे, उन्हात, गरम चहाने सुरू होते आणि दोन-तीन तास जात नाही. डॉक्टरांनी सांगितलं की स्टिरॉइडने त्वचा पातळ झाली आहे, बारीक रक्तवाहिन्या फुगून राहिल्या आहेत, आणि चित्र रोझेशियासारखं, म्हणजे चेहरा वारंवार लाल होण्याच्या त्वचेच्या जुनाट आजारासारखं आहे. नाकाच्या कडेला तांबड्या बारीक रेषा आरशात मलाही दिसतात.

चहाबद्दल एक सांगायलाच हवं, कारण "चहा सोड" हा सल्ला मला सगळ्यांनी दिला. मी चहा सोडला नाही, कोमट करून प्यायला लागले. वहीतल्या सकाळच्या नोंदी जवळजवळ बंद झाल्या. डॉक्टर म्हणाले, अनेकांना चहा-कॉफीपेक्षा तिची उष्णताच बाधते. तिखटाचंही तसंच. मिरचीतला तिखटपणा आणि उष्णता, दोन्ही त्वचेतल्या एकाच प्रकारच्या संवेदकांना चेतवतात. म्हणून गरमागरम हुमण (माशांचं कालवण) आणि भात हा माझ्यासाठी दुहेरी मारा होता. आता हुमण कमी तिखटाचं करते आणि निवल्यावर जेवते. सोलकढी चालते, फक्त तिच्यात हिरवी मिरची घालत नाही.

मलम बंद करून आज ३८ दिवस झाले. दुसरा आठवडा सगळ्यात वाईट गेला. डोळ्यांखाली सूज, गालांवर पुटकुळ्या, कातडीचे पापुद्रे. चार दिवस रजा घेतली. सध्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या आणि रात्री टॅक्रोलिमसचं मलम चालू आहे, त्यात स्टिरॉइड नाही. तेही सुरुवातीला चुरचुरतं, पण आधी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही.

बर्फ फिरवून बघितला. तेवढ्यापुरतं बरं वाटलं, अर्ध्या तासाने दुप्पट लाल. आता माठातल्या पाण्यात सुती फडकं भिजवून, पिळून, दहा मिनिटं नुसतं ठेवते, चोळत नाही. साबण बंद. साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर फ्रिजमध्ये ठेवते. सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं, बाकीची झोंबतात.

स्कूटर ही वेगळीच अडचण. हेल्मेटची काच खाली केली की माझाच श्वास तोंडावर येतो, आणि डिचोलीहून शाळेपर्यंत पोचते तेव्हा गाल पेटलेले असतात. काच वर ठेवली तर पाऊस आणि वारा. सध्या सकाळची कदंबा बस पकडते, खिडकीची जागा मिळाली तर ठीक.

आता खरी काळजी. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, पाच आठवड्यांवर आली आहे. आमच्या मूळ घरी सगळे भाऊ-जावा जमतात आणि नेवऱ्या (करंज्या) तळण्याचं काम गेली बारा वर्षं माझ्याकडे आहे. चुलीवर, मोठ्या कढईत, सकाळपासून दुपारपर्यंत. मला ते काम आवडतं. या वर्षी तिथे उभी राहिले तर काय होईल या विचारानेच पोटात गोळा येतो, आणि नाही म्हटलं तर घरात काय सांगायचं तेही कळत नाही. कोणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

भर, एका आठवड्यानंतर

सगळ्यांचे मनापासून आभार. इतक्या जणी आणि जण हेच मलम लावत आलेत हे वाचून धक्का बसला. विचारलेल्या गोष्टींची उत्तरं एकत्रच देते.

लुपसबद्दल (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार) विचारणाऱ्या ताई, हो, डॉक्टरांनाही ती शंका होती. त्यासाठीची एएनए ही रक्ताची तपासणी केली, निगेटिव्ह आली. थायरॉइड आणि रक्ताच्या बाकीच्या तपासण्याही ठीक आहेत. बीपीची गोळी घेता का, हेही त्यांनी विचारलं होतं, कारण अॅम्लोडिपिनसारख्या गोळ्यांनी काहींचा चेहरा लाल होतो. मी घेत नाही. चेहरा लाल होतो तेव्हा जुलाब, धाप, धडधड किंवा जोराची डोकेदुखी होते का, हाही प्रश्न होता. तसं कोणाला होत असेल तर फक्त त्वचेच्या डॉक्टरांवर थांबू नका, फिजिशियनना दाखवा. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत असेल तर तेही सांगा, रोझेशिया डोळ्यांतही उतरतो.

ज्या ताईंनी लिहिलंय की "आजच ट्यूब कचऱ्यात टाकते", त्यांना हात जोडून विनंती, आधी डॉक्टरांना भेटा. एकदम बंद करायचं की हळूहळू कमी करायचं, हे किती दिवस आणि कुठलं मलम लावलं त्यावर ते ठरवतात. मी मार्चमध्ये कोणालाही न विचारता बंद केलं होतं. आठव्या दिवशी घरात लग्न होतं, चेहरा सुजलेला, आणि आदल्या रात्री मी पुन्हा मलम लावलं. सकाळी चेहरा साफ. त्या एका सकाळीसाठी आणखी तीन महिने त्यात अडकले. लाली मलमाने जाते म्हणून मलम चांगलं वाटतं, पण ती लाली त्याच मलमाने आणलेली असते.

हळद-दही आणि लिंबू सुचवणाऱ्या दादांचा हेतू चांगला आहे, पण या अवस्थेत लिंबू कोणीही लावू नये. चंदनाने माझं काय झालं ते वर लिहिलंय.

नेवऱ्यांचं मी शेवटी धाकट्या जावेला फोन करून सगळं सांगितलं, मलमाचं नावसुद्धा. पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग म्हणाली, "वहिनी, माझ्याकडेही तीच ट्यूब आहे." पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी मिळून डॉक्टरांकडे जाणार आहोत. तळायला मधली जाऊ बसेल. मी पडवीत, वाऱ्याच्या बाजूला बसून सारण भरणार आणि कडांना मुरड घालणार.

आज ४५वा दिवस. मागच्या सोमवारी वहीत लिहिलं होतं, दुपारचा स्वयंपाक, पावणेतीन तास. आज तोच स्वयंपाक, दीड तास. गॅसशेजारी फडकं आणि माठातल्या पाण्याचं पातेलं तयार ठेवते, कुकर लावला की स्वयंपाकघरातून बाहेर येते, एवढाच फरक केला आहे.

एक प्रश्न अजून राहिला. नाकाच्या कडेच्या त्या तांबड्या रेषांसाठी पुढे लेझर लागेल असं डॉक्टर म्हणाले, पण आग पूर्ण शांत झाल्यावरच. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) त्वचा विभागात हे कोणी करून घेतलं आहे का? ओपीडीचे दिवस आणि किती फेऱ्या झाल्या, एवढं कळलं तरी रजेचं बघता येईल.