संरक्षण आदेश मिळाला तर नवऱ्याचा शस्त्र परवाना रद्द होतो का?

सायली_पुणे: माझ्या मावसबहिणीच्या नवऱ्याकडे परवान्याचे रिव्हॉल्व्हर आहे. भांडण झाले की तो ते कपाटातून काढून जेवताना तिच्या ताटाशेजारी ठेवतो आणि एक शब्दही बोलत नाही. ती आता कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज करणार आहे. संरक्षण आदेशाने परवाना आपोआप जातो का? तोवर आम्ही ते शस्त्र आमच्या घरी आणून ठेवावे का?

अ‍ॅड_मंगला: शस्त्राला हातही लावू नका, विनापरवाना बाळगल्याचा गुन्हा तुमच्यावरच दाखल व्हायचा. परवानाही आपोआप जात नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील कलम ९ हिंसेच्या गुन्ह्यात कैद झालेल्याला शिक्षेनंतर पाच वर्षे शस्त्र बाळगू देत नाही, पण २००५ च्या कायद्याखालील संरक्षण आदेशाचा त्यात उल्लेख नाही. म्हणून दंडाधिकाऱ्यांकडे शस्त्रासाठी वेगळी मागणी करा. २००५ च्या कायद्याच्या २००६ च्या नियमांतील नियम १० नुसार, दंडाधिकाऱ्यांनी लेखी निर्देश दिल्यास संरक्षण अधिकारी (या कायद्याखाली नेमलेले अधिकारी) पोलिसांच्या मदतीने हिंसाचारात वापरलेले हत्यार जप्त करवू शकतात. गोळी झाडली नाही म्हणजे हत्यार वापरले नाही, असा युक्तिवाद समोरून नक्की येईल; त्यासाठी ताटाशेजारच्या प्रकाराची नोंद घटना अहवालात तपशीलवार हवी. २००५ च्याच कायद्याच्या कलम २३ खाली अंतरिम आदेशही मागता येतो.

निवृत्त_लिपिक: मी शस्त्र परवाना शाखेत नोकरी केली आहे. मंगलाताईंच्या म्हणण्याला जोड एवढीच, की शहरात पोलीस आयुक्तांकडे आणि ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे शस्त्र अधिनियमाच्या कलम १७(३) खाली परवाना निलंबित करण्याचा स्वतंत्र अर्ज द्यावा व पोच घ्यावी. न्यायालयात काय चालले आहे हे आमच्या फाइलला कोणी कळवल्याशिवाय कळत नसे. नूतनीकरणाच्या वेळी पाहू म्हणावे, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदतच पाच वर्षे झाली आहे. निवडणुका लागल्या की हीच शस्त्रे पावती देऊन ठाण्यात जमा करून घेतात, तेव्हा यंत्रणा नाही असे कोणी सांगितल्यास ऐकून घेऊ नका.

ऑस्टिनकर: अमेरिकेत सुनावणीनंतर असा आदेश झालेल्या व्यक्तीला शस्त्र बाळगण्यास १९९४ पासून संघराज्याच्या कायद्याने बंदी आहे, आणि जून २०२४ मध्ये टेक्सासमधील रहीमी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती ८ विरुद्ध १ मतांनी उचलून धरली. तरीही घरातले शस्त्र प्रत्यक्ष जाऊन आणायचे कोणी, हे तो कायदा सांगत नाही. म्हणून तुमच्या आदेशात कोणत्या ठाण्यात आणि किती तासांत जमा करायचे, हे लिहून घ्या.